रेषेची रुंदी

दिवाणी दाव्यांची मराठी कागदपत्रं इंग्रजीत करून देणं हे माझं काम. तालुक्याच्या कोर्टात सगळं मराठीत चालतं. प्रकरण अपिलात उच्च न्यायालयात गेलं, की दावा, कैफियत, साक्षी, खरेदीखतं, पंचनामे, मोजणीचे कागद या सगळ्यांची इंग्रजी भाषांतरं लागतात. वकिलांचा कारकून दोरीने बांधलेलं बाड टेबलावर ठेवतो आणि 'मॅडम, सोमवारी लागेल' एवढं सांगून निघून जातो. कोणता सोमवार हे विचारायचं नसतं. तो येणाराच असतो.

बाडातलं भांडण वाटणीचं असो, कुळाचं असो की मृत्युपत्राचं, दहा-वीस पानं उलटली की कुठेतरी हद्द येतेच. एकाचं कुठे संपतं आणि दुसऱ्याचं कुठे सुरू होतं, हा प्रश्न आला की इंग्रजीतले काठाकडेचे शब्द एकेक करून पुढे येतात : एज, बॉर्डर, बाउंडरी, लिमिट, मार्जिन, फ्रिंज, व्हर्ज, ब्रिंक. शाळेत हे शब्द आम्हाला समानार्थी म्हणून पाठ करायला लावले होते. निबंधात तोच तो शब्द आला तर गुण कापले जात. कोर्टाच्या कागदात नेमकं उलटं असतं. एका परिच्छेदात बाउंडरी आणि पुढच्यात त्याच जागेला बॉर्डर लिहिलं, तर समोरचा वकील उठून विचारणार, 'या दोन वेगळ्या गोष्टी आहेत का?' त्याचं विचारणं चुकीचंही नसतं, कारण हे शब्द खरोखरच वेगळे आहेत. त्यातले काही रेषेचे आहेत, काही पट्ट्याचे. काहींना एकच बाजू असते, काहींना दोन लागतातच.

आपल्या खरेदीखतांत चतुःसीमा लिहायची रीत फार जुनी. 'सदर मिळकतीची चतुःसीमा येणेप्रमाणे : पूर्वेस ओढा, दक्षिणेस गावची शीव, पश्चिमेस अमुक यांची जमीन, उत्तरेस पाणंद.' याला इंग्रजीत तयार साचा आहे : 'बाउंडेड ऑन द ईस्ट बाय' आणि पुढे जे असेल ते. साचा हातात बसला की चतुःसीमा डोळे मिटून करता येते. पण पूर्वेस ओढा म्हणजे ओढ्याचा अलीकडचा काठ, मधली धार की पलीकडचा काठ? मूळ लिहिणाऱ्या बॉण्डरायटरने याचा विचार केलेला नसतो, कारण विकणारा आणि घेणारा दोघेही शेजारी बसलेले असतात आणि दोघांनी ओढा पाहिलेला असतो. पन्नास वर्षांनी त्यांचे नातू कोर्टात उभे राहतात तेव्हा ओढा सरकलेला असतो, पण शब्द तसाच असतो. त्यात आणखी एक गोष्ट आहे. खतातलं क्षेत्र आणि चतुःसीमा यांचा मेळ बसला नाही, तर सर्वसाधारणपणे चतुःसीमा ग्राह्य धरायची, हे आपल्या न्यायालयांत रुळलेलं तत्त्व आहे. म्हणजे एकर-गुंठ्याच्या आकड्यापेक्षा 'ओढा' या एका शब्दाचं वजन जास्त ठरू शकतं.

इंग्लंडात, जिथे हे शब्द वाढले तिथे, असल्या प्रश्नांची उत्तरं लोकांनी भांडून भांडून ठरवून ठेवली आहेत. भरतीचं पाणी न पोहोचणारी नदी दोन जमिनींच्या मधून वाहत असेल, तर उलट पुरावा नसताना हद्द पात्राच्या मध्यावर धरतात. कुंपण आणि चर एकमेकांना लागून असतील तर त्याचा नियम मला फारच आवडतो. १८१० सालच्या एका खटल्यात न्यायाधीशांनी असा विचार मांडला : माणूस स्वतःच्या जमिनीच्या अगदी टोकाला चर खणतो. शेजाऱ्याच्या हद्दीत तो खणू शकत नाही. निघालेली माती तो आपल्याच बाजूला टाकतो, कारण शेजाऱ्याच्या जमिनीवर टाकली तर तोही आगाऊपणा. त्या मातीच्या उंचवट्यावर मग झुडपांचं कुंपण लावतो. म्हणजे दिसणारी हद्द कुंपणाची असली तरी खरी हद्द चराच्या पलीकडच्या कडेवर. १९९९ साली हाऊस ऑफ लॉर्ड्सने हाच नियम पुन्हा उचलून धरला. त्यात कुदळ हातात घेतलेल्या माणसाच्या स्वभावावरून कायदा काढलाय. माती कोणत्या बाजूला पडली यावरून मालकी ठरते.

आपला बांध मात्र या सगळ्या इंग्रजी शब्दांना पुरून उरतो. बाउंडरी ही भूमितीची गोष्ट, तिला लांबी असते, रुंदी नसते. बांधाला रुंदी असते, उंची असते, त्यावर गवत उगवतं, शेळ्या चरतात, बाभळी आणि आंबे वाढतात, उन्हाळ्यात त्यावरून पायवाट पडते. ते गवत कोणी कापायचं यावरून डोकी फुटतात. इंग्रजीत 'बंड' हा शब्द आहे आणि तो आपल्याकडचाच तिकडे गेलेला आहे. पुण्यातलं बंडगार्डन मुळा-मुठेवरच्या बंधाऱ्यामुळे बंडगार्डन झालं. शांघायमधला नदीकाठचा प्रसिद्ध रस्ता 'द बंड' म्हणून ओळखला जातो, तोही याच शब्दाने. पण इंग्रजी वाचकाच्या डोळ्यांपुढे बंड म्हटलं की पाणी अडवणारा बंधारा येतो, दोन शेतांमधला हातभर रुंदीचा उंचवटा येत नाही.

महाराष्ट्र जमीन महसूल संहितेत, म्हणजे १९६६ च्या कायद्यात, सीमाचिन्हाची व्याख्या आहे. ती मला पहिल्यांदा नीट वाचावी लागली तेव्हा ज्याने कुणी तिचा मूळ इंग्रजी मसुदा केला त्याला मनातल्या मनात हात जोडले. माती, दगड किंवा इतर कशाचंही बांधकाम तर त्यात आहेच, शिवाय झुडपांचं कुंपण, न नांगरलेला वरंबा आणि जमिनीची पट्टीही आहे. 'अनप्लाउड रिज' आणि 'स्ट्रिप ऑफ ग्राउंड'! इथे रेषेला रुंदी आहे हे कायद्याने मान्य केलं. न नांगरलेला, हा एक शब्द घातला आणि बांध कसा तयार होतो हेही सांगून टाकलं. पुष्कळदा तो कोणी बांधत नाही, दोन नांगर जिथून मागे वळतात तिथे तो उरतो.

आणि नांगर मागे वळला नाही की काय होतं? 'बांध कोरणं.' दरवर्षी पेरणीच्या आधी बोटभर, वीतभर आत सरकायचं, कुणाच्या लक्षात येणार नाही एवढंच. दहा पावसाळ्यांत तीन हाताचा बांध एका हाताचा होतो. साक्षीत हा शब्दप्रयोग आला, की वकिलांना त्याचं 'एन्क्रोचमेंट' हवं असतं. कायद्याच्या दृष्टीने ते बरोबरही आहे. पण एन्क्रोचमेंट म्हणजे पत्र्याची शेड टाकणंही, रस्त्यावर टपरी ठेवणंही. कोरण्यात जो संथपणा आहे, वर्षावर्षाची जी चोरटी शिस्त आहे, ती त्यात येत नाही. आणि दाव्यात मुदतीचा प्रश्न असेल, अतिक्रमण नेमकं कधी झालं हे ठरवायचं असेल, तर तो संथपणा हाच मुद्दा असतो. म्हणून मी मूळ शब्द रोमन लिपीत ठेवते आणि पुढे लिहिते, की प्रतिवादी दरवर्षी नांगरताना बंड थोडा थोडा छाटत आला. वाक्य लांबतं. लांबू दे.

एका प्रकरणात सगळं भांडण एका आंब्याच्या झाडावर येऊन ठेपलं होतं. उलटतपासात साक्षीदाराने सांगितलं होतं, 'हे खरे आहे की, वादग्रस्त झाड बांधाच्या अंगाला आहे.' पुढच्याच ओळीत : 'हे म्हणणे खोटे आहे की, सदरचे झाड माझ्या जमिनीत आहे.' आता हे 'अंगाला' म्हणजे काय? बांधावर, बांधालगत, बांधाला लागून, बांधाच्या कडेला, या चारही जागा वेगळ्या आहेत आणि त्यांतल्या एकेका जागेवर झाड कोणाचं ते बदलतं. मी 'ॲट द साइड ऑफ द बंड' लिहिलं. वकीलसाहेबांचा फोन आला.

'मॅडम, ऑन द बंड करा ना.'

'साहेब, तो बांधावर असं म्हणालेला नाही.'

'खेड्यात अंगाला म्हणजे वरच असतं हो. तुम्ही काय पुण्याच्या!'

'मी फलटणची आहे. आणि खेड्यात अंगाला म्हणजे वर असतं की बाजूला, हे कोर्ट ठरवेल.'

साहेब हसले आणि फोन ठेवला. माणूस चांगला आहे, अजूनही काम पाठवतो. पण मुद्दा असा, की जिथे साक्षीदाराचा शब्द सैल आहे तिथे भाषांतरकाराने तो आवळायचा नाही. त्याने मोघम सांगितलं असेल तर इंग्रजीतही तेवढंच मोघम राहिलं पाहिजे. लगतच्या शब्दांतही हाच घोळ. मोजणीची नोटीस 'लगत कब्जेदारांना' जाते. त्याचं 'ॲडजेसंट' केलं तर शेजारी एवढंच कळतं, प्रत्यक्ष भिडलेलं असेलच असं नाही. 'ॲडजॉइनिंग' केलं तर भिडलेलं. 'ॲबटिंग' म्हटलं तर जमिनीचं टोक दुसऱ्या जमिनीवर किंवा रस्त्यावर जाऊन टेकलेलं. मधून पाणंद जात असेल तर ॲडजॉइनिंग लिहिणं म्हणजे ती पाणंद कागदावरून पुसून टाकणं.

बॉर्डर आणि बाउंडरी यांतला फरक मला कोशापेक्षा साडीच्या दुकानात जास्त चांगला कळतो. बॉर्डर म्हणजे साडीचा काठ. तो साडीचाच भाग असतो, त्यावर नक्षी असते, त्याला किंमत असते. पैठणीचा काठ कापून टाकला तर पैठणी उरत नाही. बॉर्डर एकाच वस्तूची असू शकते. बाउंडरीला मात्र अलीकडचं आणि पलीकडचं अशा दोन गोष्टी लागतात, आणि ती स्वतः दोन्हींपैकी कशाचाच भाग असायला बांधील नसते. म्हणूनच बॉर्डरवर माणसं राहू शकतात, बाउंडरीवर नाही. बेळगावच्या प्रश्नावरचा मजकूर इंग्रजीत करताना 'सीमाभाग' आणि 'सीमावासीय' यांच्यासाठी बॉर्डरच घ्यावा लागतो, कारण तिथे गावं आहेत, शाळा आहेत, मराठी बोलणारी माणसं आहेत. महाजन आयोगाने १९६७ च्या अहवालात सुचवली ती मात्र बाउंडरी. २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात असलेला महाराष्ट्राचा दावा बाउंडरीबद्दल आहे, पण ज्यांच्यासाठी तो लढला जातोय ते लोक बॉर्डरचे. मराठीत दोन्हीला सीमा म्हणून आपण मोकळे होतो.

देशांच्या बाबतीत तर शब्द निवडणं म्हणजे बाजू घेणंच. जम्मूच्या सखल भागातल्या एका पट्ट्याला भारत 'आंतरराष्ट्रीय सीमा' म्हणतो, म्हणजे इंग्रजीत 'इंटरनॅशनल बॉर्डर'. पाकिस्तान त्याच पट्ट्याला 'वर्किंग बाउंडरी' म्हणतो, तात्पुरती, कामापुरती. माती तीच, कुंपण तेच. त्याच्या वायव्येला गेलं की ती 'लाइन ऑफ कंट्रोल' होते. १९४९ च्या कराची करारात शस्त्रसंधीची रेषा एनजे ९८४२ या बिंदूपर्यंत नीट आखली आणि पुढे लिहिलं की तिथून उत्तरेकडे हिमनद्यांपर्यंत. बस्स. बर्फात कोण जाणार, असं वाटलं असावं. १९७२ मध्ये सिमला करारानंतर नियंत्रणरेषा आखली तीही तिथेच थांबली. १९८४ च्या एप्रिलमध्ये भारतीय सैन्य सियाचीनवर गेलं आणि त्या मोघम शब्दांचा अर्थ लावण्यासाठी दोन्हीकडच्या जवानांना जगातल्या सर्वांत उंच रणभूमीवर राहावं लागलं. पूर्वेस ओढा लिहिणारा बॉण्डरायटर आणि हा करार लिहिणारे अधिकारी यांच्यात मला फारसा फरक दिसत नाही.

'फ्रंटिअर' हा शब्द माझ्या कामात जवळजवळ येत नाही, पण तो सोडवत नाही. त्यात 'फ्रंट' आहे, म्हणजे तोंड. तो बाहेर बघतो. लॉर्ड कर्झनने १९०१ मध्ये वायव्य सरहद्द प्रांत वेगळा काढला तो याच शब्दाच्या नावाने, आणि व्हाइसरॉयपद सोडल्यावर १९०७ मध्ये ऑक्सफर्डला याच विषयावर व्याख्यान दिलं. कर्झनच्या लेखी फ्रंटिअर म्हणजे राखायची जागा. अमेरिकेत तोच शब्द वस्तीच्या पुढे पुढे सरकणाऱ्या कडेला लावला, आणि १८९० च्या जनगणनेनंतर अशी सलग कड आता दाखवता येत नाही असं तिथल्या सरकारने जाहीर केलं. एकाची फ्रंटिअर थोपवण्यासाठी, दुसऱ्याची ओलांडण्यासाठी. ज्यांच्या जमिनीवरून ती सरकली त्या मूळ रहिवाशांचा शब्द कोणता होता, ते इंग्रजी कोशात मिळत नाही.

रेषेला रुंदी असते आणि ती कोणाच्या तरी वाट्याला जाते, हे सगळ्यांत स्वच्छ कोणी लिहिलं असेल तर खेळांच्या नियमकारांनी. क्रिकेटमध्ये सीमारेषा चुन्याने आखली असेल तर तिची आतली कड ही हद्द. म्हणजे रेषेला लागलेला चेंडू बाहेर. दोराला पाय लागला तरी तेच. टेनिसमध्ये बरोबर उलटं. रेषेला नुसता चाटून गेलेला चेंडूही आत. फुटबॉलमध्ये तर पूर्ण चेंडू पूर्ण रेषेच्या पलीकडे गेल्याशिवाय गोल नाही. २९ जून २०२४ च्या रात्री ब्रिजटाऊनला टी-२० विश्वचषकाच्या अंतिम सामन्यातल्या शेवटच्या षटकात सूर्यकुमार यादवने मिलरचा झेल घेतला, तेव्हा अख्खा महाराष्ट्र त्याचा बूट आणि दोर यांच्यातली फट मोजत बसला होता. दोर मूळ खुणेवर होता की सरकलेला, याचाही वाद नंतर रंगला. त्या रात्री मला वाटलं, की आमच्या तालुका कोर्टातले अर्धे साक्षीदार या वादात उत्तम साक्ष देतील. खूण आणि वहिवाट वेगळी असू शकते हे त्यांना कुणी सांगायला नको.

उरलेले शब्द माझ्याकडे कमी येतात. 'व्हर्ज' इंग्लंडात रस्त्याकडेचा गवताचा पट्टा. पूर्वी राजाच्या दरबाराभोवतीच्या बारा मैलांच्या टापूलाही तेच नाव होतं. आता तो बहुतेक वेळा वाक्प्रचारातच दिसतो, रडू फुटण्याच्या बेतात असलेल्या माणसासाठी. 'ब्रिंक' त्याहून धोक्याचा. त्याच्या पलीकडे सहसा दरीच असते. १९५६ च्या सुमाराला अमेरिकी परराष्ट्रमंत्री डलेस यांच्या युद्धाच्या टोकापर्यंत जाण्याच्या धोरणावरून 'ब्रिंकमनशिप' निघाला. मराठी वर्तमानपत्रं दोन्हीसाठी 'उंबरठ्यावर' वापरतात, आणि मग दिवाळखोरीच्या उंबरठ्यावरही माणूस असतो आणि यशाच्याही. उंबरठा बिचारा दोन्ही सोसतो. 'रायव्हल' हा शब्द मात्र कोणत्याही हद्दीच्या यादीत नसतो, पण त्याचं मूळ लॅटिनमधल्या ओढ्यात आहे. एकाच ओढ्याचं पाणी वापरणारे ते रायव्हल. आमच्या बाडांत ते बहुतेक सख्खे चुलतभाऊ असतात.

इतकी वर्षं हे करून माझं एक मत पक्कं झालंय. हद्दीचे बरेचसे दावे जमिनीच्या लोभाने चालू होत असतील, पण ते लांबतात शब्दांच्या कंजुषीने. खरेदीखताच्या मुद्रांकावर हजारो रुपये घालणारा माणूस चतुःसीमेच्या चार ओळी मात्र जुन्या खतावरून उतरवून घेतो. 'पूर्वेस बांध' एवढंच. तेव्हा ज्यांना खत करायचंय त्यांना माझी विनंती आहे. सही करण्याआधी जागेवर जा, टेप लावा, आणि बांध कोणाचा, त्याची रुंदी किती फूट, हद्द बांधाच्या मध्यावर की कोणत्या कडेवर, त्यावरची झाडं कोणाची, हे खतात स्पष्ट लिहून घ्या. ओढा असेल तर कोणता काठ ते लिहा. मोजणीचा नकाशा जोडा, त्यावर दोन्हीकडच्यांच्या सह्या घ्या. दोन ओळी जास्त होतील. माझं काम थोडं कमी झालं तरी चालेल.